रंजनाच्या दाखल्यावरची सही

सकाळी रोकडे सर गेल्याचा फोन आला, आणि मी शाळा भरवली.

स्टाफरूममध्ये एक-दोघांना ते आवडलं नाही. "मॅडम, तुमचे गुरू होते ते. आज तरी सोडायची शाळा."

पण सरांनीच मला बजावून ठेवलं होतं. "मी मेलो तरी मधेच शाळा सोडू नका. पोरं बसनं आलेली असतात. परतीची बस पाचलाच आहे. भर उन्हात बसणार कुठं ती?"

शाळा सुटल्यावर आम्ही सगळे सरांच्या गावी, कळंबला गेलो. 

सतरा वर्षांपूर्वी मी डिंभ्याजवळच्या सरकारी हायस्कूलमध्ये शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा सर मुख्याध्यापक होते.

मी निमगाव सावाची. सपाटीवरची. सायकलवर दहा मिनिटांत शाळेत पोचलेली मुलगी.

डोंगरातून शाळेत येणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

सरांची एक पद्धत होती. कुणी मुलाचा दाखला काढायला आलं की आधी चहा. मग, "परवा या." मधल्या दिवसात ते त्या घरी जाऊन यायचे.

मला हा वेळकाढूपणा वाटायचा. पालकांनी अर्ज केला, दाखला द्यायचा. यात चहा कशाला?

एकदा सर मीटिंगसाठी घोडेगावला गेले. चार्ज माझ्याकडे.

त्याच दिवशी दहावीतल्या रंजनाचे वडील आले. दाखला पाहिजे म्हणाले.

आमचे क्लार्क आत येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, सरांना येऊ द्या की."

"नियमात बसतं ना? मग करा तयार."

मी सही केली. क्लार्कनी खिडकीतून कागद दिला. ते गृहस्थ गेले. मी त्यांचं तोंडही नीट पाहिलं नाही.

संध्याकाळी सरांनी रजिस्टर पाहिलं.

"किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं, सर." हे मी अभिमानानं सांगितलं, अजून आठवतं.

"कुठल्या शाळेत जाणार आहे ती?"

मी विचारलंच नव्हतं.

"नऊ वर्षं पायपीट करत, बस गाठत दहावीपर्यंत आलीय ती पोरगी," सर म्हणाले. एवढंच. आवाजही चढला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं निघालो. उतरल्यावर भातखाचरांच्या बांधावरून पाऊण तास चाल. सर पुढे, मी मागे, चप्पल हातात.

रंजनाचे वडील दारातच बसले होते. उठले नाहीत.

सर म्हणाले, "दाखला परत मागायला आलोय."

"आता कशाला? धा मिन्टात कागद हातावर टेकवला शाळंनं. आमाला वाटलं, तुमालाबी पोर नकोच व्हती."

हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

मी बोलायला तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "माझं चुकलं, भाऊ. शाळा मी चालवतो. तुम्हाला कारण विचारल्याशिवाय दाखला द्यायला नको होता."

वडील थोडे निवळले. "मला नगा सांगू, गुर्जी. तिला इचारा. तीच म्हन्ती न्हाई जायचं."

रंजना आतून बाहेर आली. भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय गं, अभ्यास अवघड जातोय?" सरांनी विचारलं.

"नाय."

"मग?"

ती म्हणाली, "बस लेट येती. परिपाठ चालू झाला की गेट लावत्यात. रोज भाईर उभं राहायचं, मग मैदानातले कागद येचायचे. समदी पोरं खिडकीतून हसत्यात."

अकराला गेट बंद. हा नियम सरांचाच होता.

सर पायरीवर बसले.

"म्हणजे दोनदा चुकलं माझं," ते म्हणाले. "आता बस आल्यावर परिपाठ होईल. मग येशील?"

"आन बसच नाय आली तर?"

"तर बाकीची पोरं थांबतील तुझ्यासाठी."

तिनं वडिलांकडे पाहिलं. वडील आत गेले आणि दाखला घेऊन आले. चारदा घडी घातलेला.

पुढच्या परिपाठाला सरांनी सगळ्या शाळेसमोर सांगितलं, "गेटचा नियम माझा होता आणि तो चुकीचा होता."

एक शिक्षक मागून पुटपुटले, "एसटीच्या भरवशावर राहिलो तर प्रार्थना मधल्या सुट्टीत होईल, राव."

"होऊ दे," सर म्हणाले. "प्रार्थनेला कुठं बस गाठायचीय?"

नंतर ऑफिसमध्ये मी म्हणाले, "सर, माझी चूक मला कबूल करू द्यायची होती."

"तुम्हाला अजून कितीतरी वर्षं या लोकांत काम करायचंय. त्यांचा विश्वास बसायचाय तुमच्यावर. माझ्यावर बसलेला आहे. त्यातला थोडा गेला तर काय बिघडतंय?"

मी स्वतः मुख्याध्यापक झाले, तेव्हा ट्रेनिंगमध्ये फायली, फॉर्म, ऑनलाइन माहिती भरणं, सगळं शिकवलं. आपल्या हाताखालच्या माणसासाठी आपलं नाव कसं खर्च करायचं, ते मी त्या दारात शिकले. मला ते दर वेळी जमत नाही. दोनदा तर मी चक्क दुसऱ्यावर ढकललंय.

आज कळंबला त्रिशरण-पंचशील झालं. सगळे पांढऱ्या कपड्यांत शांत बसलेले.

गर्दीतून एक बाई माझ्याजवळ आली. रंजना. मंचरला एका दवाखान्यात नर्स आहे आता. ड्यूटीवरून तशीच आलेली.

माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, सर आयुष्यात एकदाच चुकले असतील. माझा दाखला दिला तेव्हा. पण परत घ्यायला सोता आले हो."

मी मान हलवली. तिथेही बोलले नाही.

रंजना, तू हे वाचशील म्हणून लिहितेय.

तो दाखला सरांनी दिला नव्हता. ते त्या दिवशी शाळेत नव्हतेच. खालची सही माझी होती. मला माफ कर.

सर, एवढी वर्षं तुम्ही सांभाळलंत. आता माझी चूक मला घेऊ द्या.

कृतज्ञतेनं शेवटचा नमस्कार.