आम्ही दोघी काशीदला पाहुण्या

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी, तुम्ही तर समुद्रकाठीच राहता, मग सुट्टीत कुठे जाता? प्रश्न मला फार आवडला. पण मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि पाहुण्यांची गाडी दारात येऊन उभी होती, त्यामुळे उत्तर राहून गेलं. आज सगळे पाहुणे हरिहरेश्वरला गेलेत, घर शांत आहे. आता नीट, क्रमाने लिहिते.

गेल्या वर्षीपर्यंतचं खरं उत्तर असं, की आम्ही कुठेच जात नव्हतो. श्रीवर्धनला मे महिना म्हणजे दुसऱ्यांच्या सुट्टीचा महिना. पुण्या-मुंबईची माणसं येतात, पुढच्या खोल्यांत उतरतात, पोफळीच्या वाडीत फोटो काढतात, समुद्रावर जातात, ओल्या कपड्यांनी परत येतात आणि मोदक खातात. आपण त्यांचं हवं-नको बघतो. हे सगळं तुमच्या मोठ्या आजीने, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी सुरू केलं. तुमचे आजोबा गेल्यापासून आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो, पण स्वयंपाकघर त्यांचं. माझ्याकडे बुकिंगचे फोन आणि परदेशी पाहुणे आले तर इंग्रजी.

गेल्या मे महिन्यात मात्र आम्ही दोघी सुट्टीवर गेलो. त्याचं कारण तुमची काकू, जाऊबाईंची सून.

ती आपल्या घरात येऊन काही वर्षं झाली. माणगावच्या आतल्या बाजूची, भातशेतीच्या घरातली, हाताला चपळ. ती नारळ खवायची, फणस चिरायची, वाटण करायची. मीठ मात्र जाऊबाई घालायच्या. ती मोदक वळायची आणि जाऊबाई तो उचलून त्याची एखादी कळी पुन्हा दाबायच्या. रागाने नव्हे, बोलता बोलता, सवयीने. त्याच सुमारास तुमच्या काकाला न्हावा शेवाजवळच्या एका गोदामातून नोकरीसाठी विचारणा झाली. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. त्याला जावंसं वाटत नव्हतं, पण ती त्याला म्हणाली, जाऊया. पनवेलला खोली लहान असेल, पण चूल माझी असेल.

हे त्याने आईला सांगितलं. जाऊबाईंना धक्काच बसला. त्या मला दोन दिवस विचारत राहिल्या, "मी कुठे अडवते गं तिला?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही घरात असेपर्यंत हे तुम्हाला कळणार नाही आणि तिलाही कळणार नाही. दोन रात्री आपण बाहेर जाऊ. घर पाहुण्यांनी भरलेलं असतानाच जाऊ. तिने सांभाळलं तर ती राहील, आणि तुम्हाला मध्ये न पडता राहवतं का, तेही कळेल.

जाऊबाई तयार झाल्या, याचं मला नवल वाटलं. पण त्यांचं एक वेगळंच कुतूहल होतं. त्या म्हणाल्या, "इतकी माणसं येतात, पैसे मोजून समुद्र बघतात. म्हणजे नेमकं काय बघतात? एकदा त्या बाजूला बसून बघायचंय." श्रीवर्धनात हे जमणार नव्हतं, तिथे पावलोपावली ओळखीचे. म्हणून काशीद. तिथल्या एका घरगुती ठिकाणी खोली सुनेनेच फोनवरून ठरवली, आमच्या पिशव्याही तिनेच भरल्या.

एसटीने दिघी, तिथून जंगलजेटीने आगरदांडा. ही जेटी म्हणजे गाड्यांसकट माणसं पलीकडे नेणारी मोठी सपाट बोट. लग्नकार्यांना मुरुडला जाताना जाऊबाईंनी ही खाडी कितीदा ओलांडली असेल, पण तेव्हा मांडीवर आहेराची पिशवी असायची. या वेळी त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. लांबवर जंजिऱ्याचा किल्ला पाण्यावर बसलेला दिसत होता. शेजारी एक कुटुंब किल्ल्याकडे पाठ करून फोटो काढत होतं. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "बघायला आलेत आणि पाठ करून उभे आहेत." मग थोड्या वेळाने स्वतःच, "पण हसतात किती छान."

काशीदला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. घर समुद्रापासून जवळ, अंगण सारवलेलं, सुरूच्या झाडांचा आवाज सतत कानावर. घराची मालकीण चाळिशीची, ठसठशीत कुंकू, पदर खोचलेला. ओटीवर पानं मांडलेली. पुण्याचं एक कुटुंब जेवायला बसलं. आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो.

का, ते सांगते. आपल्या घरात पाहुणे उठल्याशिवाय आपण पानावर बसत नाही. इतक्या वर्षांत मे महिन्यातलं दुपारचं जेवण आम्ही कधी गरम खाल्लेलं नाही. तेव्हा पाय आपोआप भिंतीकडे गेले. मालकीण आमची वाट बघत उभी, आम्ही पाहुण्यांची वाट बघत उभ्या. तेवढ्यात पुण्याच्या गृहस्थांनी मान वर करून जाऊबाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "मावशी, जरा भात." आणि जाऊबाई आत गेल्या. परक्या घराच्या स्वयंपाकघरात त्यांना भाताचं पातेलं एका क्षणात सापडलं. भात आणला, वाढला, वर विचारलं, आमटी हवी का. मालकीण हसली. मी हात धरून त्यांना बसवलं.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. काशीदची वाळू आपल्यापेक्षा पांढरी, आणि गर्दी जत्रेसारखी. घोडे, उंट, घोडागाडी, चार जाड चाकांच्या फटफट्या, पाण्यात केळ्याच्या आकाराची रबरी होडी आणि तिच्यावरून मुद्दाम पाण्यात पडणारी माणसं. आम्ही ताडगोळे घेऊन एका ओंडक्यावर बसलो आणि माणसं बघू लागलो. मला शिस्तीने बघायची सवय, म्हणून मी एकेका घोळक्याला आल्यापासून जाईपर्यंत बघत होते. आल्याबरोबर सगळे चपला काढतात. मग काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं. मुलं ताबडतोब खड्डा खणायला लागतात, खालून पाणी लागलं की ओरडतात. बाया पायापुरत्या पाण्यात जातात आणि एकमेकींचा हात धरतात. पुरुष लांब उभे राहून, फार आत जाऊ नका, असं सांगत राहतात. मग हळूहळू सगळे गप्प होतात. ते गप्प होणं मला नवीन होतं. आपल्या अंगणात आल्यावर तीच माणसं वायफाय मागतात, त्यामुळे ती इथे अशी बसत असतील हे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं.

जाऊबाई एका पॅराशूटवाल्या तरुणाशी बोलायला गेल्या. दोर कसला, वाऱ्याची दिशा कुठली हवी, वर गेलेलं माणूस खाली आल्यावर पहिलं काय बोलतं. तो म्हणाला, बहुतेक जण विचारतात, फोटो आला का. "आणि बाकीचे?" जाऊबाईंनी विचारलं. बाकीचे काही बोलत नाहीत, तो म्हणाला, नुसते खाली बसतात. ते ऐकून त्या बराच वेळ वर बघत राहिल्या.

रात्रीच्या जेवणाला मात्र गोष्ट बिघडली. जाऊबाई पानावर बसल्या खऱ्या, पण पुण्याच्या मुलीचा ग्लास रिकामा दिसला आणि त्या उठल्या. पाणी दिलं. परत येताना चुलीशेजारी ठेवलेल्या सोलकढीची चव घेतली आणि चिमूटभर मीठ टाकलं. मालकिणीने ते बघितलं. पाहुणे उठून गेल्यावर ती आमच्यासमोर येऊन बसली. आवाज चढलेला नव्हता.

"आई, राग मानू नका. वाढायचं काम माझं हाय. मीठ पन माझंच हाय."

जाऊबाई ओशाळल्या. म्हणाल्या, सवय गं, हातच थांबत नाही.

"माझ्या सासूचा पन थांबत न्हवता," ती म्हणाली. "बाई चांगली होती. कधी वाईट बोलली न्हाय. पन ती होती तवर मी या घरात पावनीच राह्यले. तुमच्यासारखीच. फरक इतकाच, मला परत जायला घर न्हवतं."

मग ती उठली आणि आमच्या पानांत आणखी भाकरी वाढून गेली. जाऊबाईंनी ती मुकाट्याने खाल्ली. खोलीत आल्यावर दिवा मालवायच्या आधी त्यांनी मला एवढंच विचारलं, मोदकाची कळी मी रोज दाबते का. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाळूत चालत होतो तेव्हा तुमच्या काकाचा फोन आला. फोन माझ्याकडे होता, मी तो स्पीकरवर लावून जाऊबाईंपुढे धरला. एका गाडीऐवजी दोन गाड्या पाहुणे आले होते, आणि पंपाची मोटर जळली होती. टाकी रिकामी, माणसं टॉवेल घेऊन उभी. मोटर दुरुस्त करणारा दुपारशिवाय येणार नव्हता. आई, काय करू?

जाऊबाईंनी काय केलं असतं ते मला पाठ होतं. शेजाऱ्यांच्या पंपाला नळी जोडली असती, बंब पेटवला असता, प्रत्येक न्हाणीघरात कढत पाण्याची बादली पोचवली असती. आपल्या घरात पाहुण्याला पाण्यासाठी थांबायला लावत नाहीत, हा त्यांचा नियम. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची नजर रस्त्याकडे गेली, जिथून मुरुडच्या रिक्षा मिळतात. लगेच निघालो असतो तर जेवणाच्या आत घरी पोचलो असतो.

"ती काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

तो घुटमळला. म्हणाला, ती म्हणते पाहुण्यांनाच विहिरीवर न्यायचं. रहाट आहे, मुलांना ओढू दे पाणी, मोठ्यांनी तिथेच अंगावर ओतून घ्यावं. पण आई, पैसे देऊन आलेली माणसं, त्यांना विहिरीवर कसं उभं करायचं?

मी जाऊबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना ते मुळीच पटलेलं नव्हतं. ओठ घट्ट मिटले होते.

"मग तिला विचार ना," त्या म्हणाल्या. "मला काय विचारतोस? मी सुट्टीवर आहे."

फोन ठेवल्यावर जाऊबाईंनी चपला काढल्या. आम्ही तशाच पाण्याकडे गेलो. त्यांनी साडी घोट्यापर्यंत धरली, मग गुडघ्यापर्यंत, मग सोडून दिली. आयुष्यभर समुद्राच्या शेजारी राहिलेली ही बाई सणावाराला पाय बुडवण्यापलीकडे त्यात गेली नव्हती. लाट आली तशा त्या माझा हात धरून खाली बसल्या, लहान मूल बसतं तशा, पाण्यात. जीवरक्षकाने आमच्याकडे बघून शिट्टी वाजवली. मी त्याला हाताने खूण केली की ठीक आहे, आम्ही एवढ्याच पाण्यात आहोत. जाऊबाई दर लाटेला डोळे मिटत होत्या. मला राहवलं नाही, मी विचारलं, काय बघताय? म्हणाल्या, "काही नाही गं. कुणी हाक मारत नाहीये, तेच ऐकतेय."

त्या दिवशी आम्ही सगळं केलं. काला खट्टा गोळा खाल्ला, जिभा दाखवल्या. सुरूच्या झाडाला टांगलेल्या झोपाळ्यावर आळीपाळीने बसलो. जेवताना जाऊबाई पानावरून उठल्या नाहीत. पुण्याच्या मुलीने त्यांच्याकडे लोणचं मागितलं, तर त्यांनी मालकिणीकडे बोट दाखवलं. मालकीण लोणचं वाढताना हसू दाबत होती.

रविवारी घरी पोचलो तेव्हा अंगण विहिरीपर्यंत ओलं होतं. मोटर आदल्या दिवशीच दुरुस्त झाली होती, तरी पाहुण्यांची पोरं रहाटावरून हलायला तयार नव्हती. मोठी माणसंही रांगेत उभी. एक आजोबा म्हणत होते, लहानपणानंतर आज पहिल्यांदा अशी आंघोळ झाली. सून ओल्या पदराने दोराशी उभी, एकेकाची पाळी लावून देत होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला.

जाऊबाई तिच्याजवळ गेल्या. मला वाटलं, दोराबद्दल काही सांगतील, तो जुना झालाय वगैरे. त्यांनी विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

आधी तिला वाटलं असावं की जाब विचारतायत. मग तिने सांगायला सुरुवात केली. माहेरची विहीर, सगळ्या भावंडांची उन्हाळ्यातली आंघोळ, कोण कुणाच्या डोक्यावर जास्त पाणी ओतायचं त्याची भांडणं. तिला इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. जाऊबाई मध्येमध्ये विचारत राहिल्या. पाणी केवढं खोल? उन्हाळ्यात आटायचं का? आणि मग मुलींचा नंबर कधी? त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पिशवी अजून खांद्यावरच होती.

पनवेलचं त्या संध्याकाळी कुणीच काढलं नाही. सोमवारी मी पहाटे उठले तर शेजारचं अंथरूण रिकामं. मागच्या दारी गेले. स्वयंपाकघरात दिवा होता, सुनेने चूल आधीच पेटवली होती. जाऊबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, आत न जाता.

तिने त्यांना बघितलं. "या ना आई, चहा घ्या," ती म्हणाली. थोडं थांबून, जरा चाचरत पुढे म्हणाली, "आणि मग वाडीतून केळीची पानं आणून द्याल का मला?"

तोवर आपल्या घरात जाऊबाईंना कुणी काम सांगितलं नव्हतं. गोदामवाल्यांना उत्तर कळवायचं म्हणून तुमचा काका ओसरीवर फोन हातात घेऊन बसला होता, तोही कान देऊन ऐकत होता.

जाऊबाईंनी चहाचा कप घेतला, कोयती कुठे आहे ते नजरेने शोधलं.

"किती आणू?" त्यांनी विचारलं.