आरशासाठी एक खिळा

समोरच्या बांधकामावर काल नवं कुटुंब राहायला आलं. पत्र्याची खोली उभी राहताच बाईने दाराच्या खांबात खिळा ठोकला, त्यावर आरसा टांगला आणि मग सामान सोडलं. इमारत पुरी झाली की ही खोली मोडणार, हे तिला ठाऊक असणारच.

लोक गाव सोडून शहरात कसे राहतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. नोकरीपायी मीही चार शहरं बदलली. पण भाड्याच्या भिंतीला खिळा मारायचा नाही, निघताना भोक बुजवावं लागतं, हा माझा नियम. आमचा आरसा भिंतीला टेकून जमिनीवरच असतो.

आता पाचव्या शहरातल्या विद्यापीठाने नोकरीला बोलावलं आहे; आज हो-नाही कळवायचं आहे. सकाळपासून मी आवरलेली कपाटं पुन्हा आवरते आहे. मुलगी आरशासमोर वाकून वेणी घालत होती.

“आई, जायचं असेल तर तसं सांग. नाहीतर हा वर टांग. पाठ मोडली माझी.”

समोर ती बाई ताठ उभी राहून भांग पाडत होती.

मी हातोडी शोधली. सगळं जागच्या जागी असणाऱ्या माझ्या घरात हातोडी नव्हतीच. चपला घातल्या आणि समोर मागायला निघाले.