नेकनूरलाच अडकलेले जावई

लेकीच्या पहिल्या बाळंतपणात मी जावयांना फोनच केला नाही. विसरले नव्हते, मुद्दाम केला नाही. बाळ झालं की सासरी पेढे पाठवायचे, तोवर जावयाचं दवाखान्यात काय काम, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

लेक बीडला माहेरी आल्यापासून जावई दर रविवारी केजहून यायचे. कळा सोसायला नर्सबाईंनी शिकवलेलं दोघं घोकायचे. तिनं लांब श्वास सोडायचा, त्यांनी तिची कंबर चोळत आकडे मोजायचे. मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसायचे. ‘आमच्याकडं लोहाराचा भाता लावलाय,’ असं शेजारणीलाही सांगून आले. लई शहाणी होते ना मी!

एके दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात तिनं विचारलं, “आई, ते निघाले का?”

“निघालेत की. वाटेतलं नेकनूर गाठलं असंल.”

दुपारीही मी त्यांना नेकनूरलाच ठेवलं होतं. तिचा श्वास तुटायला लागला, तशी मी आकडे मोजायला गेले आणि मलाच रडू फुटलं. तिनं माझा हात बाजूला सारला आणि दाराकडं बघत राहिली. ते बघणं मला अजून टोचतं.

नात सुखरूप झाली, मग मी फोन लावला. जावई आले. मी आपली पेढ्यांचं बोलत सुटले. ते खाली बघत म्हणाले, “आई, तुमच्या फोनसाठी आठ दिवस झालं, मी बूट घालूनच झोपत होतो.”