डोंग्याचा पांढरा तीळ

सडक अर्जुनीला एसटीतून उतरले तेव्हा ढाब्यांच्या धुरात पहाट अजून विरघळत होती. पाठीवरच्या पिशवीत बॅटरीवर चालणारी ड्रिल मशीन होती, दुकानातली सर्वांत महागडी. मागल्या हिवाळ्यात डोमाबाबा वाढई (सुतार) दोरीच्या सामत्याने (हाताने फिरवायच्या गिरमिटाने) भोक पाडताना दिसला आणि मला संताप आला होता. उत्तम अवजारे शहरातल्या हौशी लोकांनी भिंतीला टांगायची, आणि कारागिराने दोरी ओढत बसायचे? आईबापांच्या चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढलेली मी. मशीन त्याच्या हाती द्यायचीच, असे ठरवून आले होते.

ऑटोने त्याच्या गावच्या तलावावर पोचले. धुक्यात पाणी कुठे संपते, आकाश कुठे सुरू होते, कळत नव्हते. काठावर एक डोंगा (एकाच खोडातून कोरलेली होडी) झोपल्यासारखा पालथा पडला होता. तळाला वीतभर भेग.

"एवढं खोड आता भेटत नाही, बाई," डोंग्याची मालकीण सायत्राबाई म्हणाली. "हा गेला तर काठावर बसून मासोया पाहू का?"

भेग जिथे संपते तिथे भोक पाडले की ती पुढे सरकत नाही, हे डोंगा दुरुस्त करायला आलेल्या डोमाबाबाने सांगितले आणि तो तेल आणायला घरी गेला. भेगेचे टोक मला स्पष्ट दिसत होते. मी मशीन काढली.

"बाबाले येऊ दे ना."

"कशाला थांबायचं?"

क्षणात भोक पडले. किती सुबक.

डोमाबाबा परतला. त्याने भोकाकडे पाहिले. भेगेत टोरीचे (मोहाच्या बियांचे) तेल सोडून बसून राहिला. तेलाची काळी रेघ स्वप्नातल्यासारखी हळूहळू चालत आली, माझ्या भोकाला शिवली आणि चार बोटे पुढे गेली; भेगेचे खरे टोक तिथे होते. सायत्राबाईने माझ्याकडे पाहिले नाही. तेच जास्त लागले.

"तुही मशीन बेस आहे," तो म्हणाला. "तूच कच्ची आहेस."

रेघ थांबली तिथे त्याने सामता लावला. मग ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेल्या पटाशीने भेगेवर खाच कोरली. ठोक्याचा आवाज जरा बदलला की हात थांबे. खाचेत लाकडाची पट्टी चपखल बसली. त्याच्या भोकात काळी खुंटी, वर राळ. माझ्या भोकात मात्र पांढरी.

"पांढरी काऊन, बाबा?" सायत्राबाईने विचारले.

"ध्यानात राहावं म्हणून."

"माह्या डोंग्याले तीळ लावला पोरीनं," सायत्राबाई हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

राळ सुकल्यावर, उन्हे कलताना, तिने डोंगा पाण्यात ढकलला आणि मला अनवाणी, टाच नेमकी त्या तिळावर टेकवून बसवले. "पाणी आलं तर पहिले तुलेच समजल."

कमळाची पाने बाजूला सरकत होती. मधोमध गेल्यावर तिने वल्हवणे थांबवले. आम्ही दोघी ऐकत राहिलो. टाच कोरडी होती. तिने जाळे टाकले.

निघताना मी मशीन पुढे केली. "हात बसला का मंग आणजो," डोमाबाबा म्हणाला. "तवर भिंतीले टांग."

माझा संताप अजून शाबूत आहे. पण ज्याच्या बोटांना भेगेचे खरे टोक सापडते त्याला मी अडाणी अवजारांचा बिचारा धनी समजले होते, आणि तो अन्याय कोणत्याही पत्रकात नव्हता; तो माझाच होता. परतीच्या एसटीत मशीन मांडीवर होती. मी चप्पल काढून टाच पुन्हा चाचपून पाहिली. कोरडीच होती, टोरीच्या तेलाचा वास तेवढा येत होता.