मिठाचे पेढे

मी मुळातच उकरून बघणारी. लहानपणी कुंडीत मेथी पेरली की दुसऱ्याच दिवशी दाणे बाहेर काढून कोंब फुटलाय का बघायचे आणि आईचा धपाटा खायचे. याच खोडीने पुढे मला घाटकोपरहून अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत नेऊन बसवलं, पीएचडीला.

माझा विषय आईला फार आवडला. खाडीच्या चिखलात एक जिवाणू असतो, तो कोलंबीच्या सालांवर जगतो. साल तोडणारं एक एन्झाइम तो अंगाबाहेर सोडतो. त्या एन्झाइमचं जनुक उचलून आम्ही दुसऱ्या, पटापट वाढणाऱ्या जिवाणूत घातलं होतं. तो बापडा आमच्यासाठी फ्लास्क भरभरून ते बनवायचा. आई मालवणची, घरात मालवणीच बोलते. मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती ओट्यापाशी कोलंबी सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "पण ता चावता खयसून?"

कुठून चावतं? अगं बाई, तेच तर शोधायचं होतं! चार वर्षांत माझ्या कामाबद्दल इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही.

शोधायचं तर आधी ते एन्झाइम एकटं हवं. फोडलेल्या जिवाणूंच्या पाण्यात हजारो प्रथिनं असतात. आमच्या प्रथिनाला आम्ही मुद्दाम एक शेपूट जोडलं होतं, ते निकेलला घट्ट धरून बसतं. निकेल भरलेल्या नळीतून ते पाणी थेंबथेंब सोडायचं, बाकीची गर्दी धुऊन काढायची आणि आपलं तेवढं सोडवून घ्यायचं. मग त्याचे इवले थेंब ट्रेमध्ये झाकून ठेवायचे आणि स्फटिक होण्याची वाट बघायची. स्फटिक मिळाला तर त्यावर क्ष-किरण सोडून आतल्या अणूंची रचना कळते. नाही मिळाला तर बसा बोंबलत.

पहिल्यांदा स्फटिक दिसला तेव्हा मी अक्षरशः नाचले. कसला लखलखीत! पेढे आणले, अख्ख्या मजल्यावर वाटले, वॉचमनला दिले, सोसायटीतही वाटले. आठवड्याने क्ष-किरणांचं यंत्र म्हणालं, मीठ. द्रावणातलंच साधं मीठ. लाज म्हणजे काय ते तेव्हा कळलं. महिनाभर जो भेटेल तो विचारायचा, "काय गं, पेढे कधी?" आईने तर त्यांचं नावच ठेवलं, मिठाचे पेढे. आमटीत मीठ जास्त झालं तरी तिला माझे पेढे आठवायचे.

त्यानंतर दीड वर्ष काही नाही. मुदत संपायला दोन महिने उरले, आणि ती वाढवून मिळणार नव्हती. रचना नाही तर पदवी नाही, हे माझ्या गाइड मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. अशात एका थेंबात स्फटिक दिसला. एकच.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि म्हणाल्या, "सुई लावून बघ." मीठ असेल तर ते कडक, सुईला दाद देत नाही. प्रथिनाच्या स्फटिकात निम्मं पाणी असतं, तो लगेच मोडतो.

"पण मॅडम, एकच आहे!"

"म्हणूनच सांगतेय. यंत्रावर आपली पाळी एकदाच आहे. परत मीठ घेऊन जाणार आहेस?"

मला इतका राग आला! दीड वर्षाने एक कण मिळाला, तो काय मोडण्यासाठी? दोन दिवस मी ट्रेला हात लावला नाही. पण खोड कुठे जाणार? मीठ आहे की नाही, या एका प्रश्नाने जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी श्वास रोखून सुई टेकवली. न जमलेल्या वडीसारखा त्याचा भुगा झाला. मीठ नव्हतं! माझंच होतं ते, आणि माझ्याच हाताने गेलं होतं. मी हसतही होते आणि रडतही होते.

"टाकू नकोस," मॅडम म्हणाल्या. "तो चुरा केसाने नव्या थेंबांत ओढ. त्याच्यावरच नवे धरतील." म्हणजे विरजणच की! केस ताठ हवा, मांजराच्या मिशीचा सगळ्यात उत्तम.

आमच्या दारात कोलंबीच्या सालांसाठी एक मांजर ठाण मांडून असतं. मी पायपुसण्यावर गळलेली मिशी शोधायला लागले तशी आई म्हणाली, "इतक्या शिकलंस ता मांजराची मिशी शोधूक?" पण दोन दिवसांनी तिनेच एक शोधून कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून दिली.

आठवड्यात नव्या थेंबांत स्फटिक धरले, विटांसारखे, चांगले नऊ. पाळीच्या दिवशी पहिल्यावर क्ष-किरण सोडले. मिठाचे ठिपके मोजके आणि लांब लांब पडतात. इथे पडदाभर दाट ठिपके. पुढे तीन आठवडे आकडेमोड करून रचना उभी राहिली. एन्झाइमच्या एका अंगाला लांब, खोल खाच होती, सालीचा धागा तिच्यात बसतो. आईने स्क्रीनवर ओलं बोट टेकवलं आणि म्हणाली, "हयसून चावता तर!" पण ते नंतर.

ठिपके दिसले त्या दिवशी मी आईला फोनही केला नाही, तोंडानेच सांगायचं होतं. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "फ्रीज उघड." आत पेढ्यांचा बॉक्स.

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगतला? कालच हाडून ठेवलंय."

"कालच आणलेस? आणि मीठ निघालं असतं तर?"

आईने बॉक्स सोडून एक पेढा माझ्या तोंडात कोंबला. "तर तुका जास्तच लागले असते."