दहीभात कुणी रांधला होता

हे लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. कारणं पुष्कळ होती. खरं कारण भित्रेपणा. मागच्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या चिटणीसांना सांगितलं की पुरावरचा माझा जुना लेख खोटा आहे, दुरुस्ती छापा. ते म्हणाले, "मामा, तुमच्या आईचं नाव आहे त्यात. आता कशाला उकरता?" आईचं नाव आहे म्हणूनच उकरतो. छापणार नसाल तर प्रती काढून घरोघरी वाटीन. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला आता कसली भीती घालता?

पुराच्या वेळी आम्ही अड्यारला दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. आई ब्याण्णव वर्षांची, तंजावरच्या जुन्या वळणाची. जन्मभर मडी पाळलेली, म्हणजे सोवळ्यातल्या स्वयंपाकाशिवाय घास न घेणारी. खालचा मजला बुडाला, गॅस संपला. साखरेचा आजार असलेली आई दोन दिवस नुसत्या पाण्यावर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची जीभ जड झाली. मी देवासमोर बसलो, पण प्रार्थना सुचेना, भांडणच सुचलं. "तुझं सोवळं तूच सांभाळ," एवढंच म्हणालो. तेवढ्यात जिन्यातून हाक आली, "सार, साप्पाड!" जेवण आलं होतं.

दारात एक वृद्ध शीख गृहस्थ, पगडी भिजलेली, हातात डबा. गिंडीत त्यांचा स्प्रिंगांचा लहान कारखाना होता. तो मुलांवर सोपवून ते गुरुद्वारात लंगरची सेवा करत. त्यांचे लोक त्यांना बाबाजी म्हणत आणि त्यांच्या पायाशी बसत. डब्यात दहीभात होता. आईनं पडल्या पडल्या विचारलं, "कोण रे केलं हे? मडीतलं का?"

"आपल्या मठातनं आलंय, आई."

"आणि तो दारात कोण?"

"बोटवाला."

बाबाजींना समजलं. ते हसले आणि बाहेरूनच म्हणाले, "आमां अम्मा, हो, बोटवालाच." आई जेवली. दुपारी तिनं मला नावानं हाक मारली.

असे ते पाच दिवस आले. उंबरठा त्यांनी ओलांडला नाही, मीही आत या म्हटलं नाही. शेवटच्या दिवशी मी डबा द्यायला खाली उतरलो, तर बोट वल्हवणारा कोवलमचा कोळी खेकसला, "सार, यांना बोटवाला म्हणता? बोट माझी आहे! हे नुसते भिजतात. वरच्या अम्मा कडक आहेत असं वॉचमननं सांगितलं, तर हा माणूस रोज पहाटे अंघोळ करून ओल्या धोतरानं वेगळं पातेलं चढवतो. कांदा नाही, लसूण नाही. कुणासाठी?" बाबाजींनी त्याला गप्प केलं. मला म्हणाले, "देणारा दुसराच असतो, सार. आपण मध्ये उभं राहायचं नाही, एवढंच आपलं काम."

मी मध्येच उभा राहिलो. दोन महिन्यांनी मंडळाच्या स्मरणिकेत लिहिलं की मठाच्या प्रसादानं आई वाचली. लोक वाचून रडले. आई आणखी चार वर्षं जगली आणि रोज मठाला हात जोडत राहिली.

तर ऐका. मठातून काही आलं नव्हतं. त्यांचा दोष नाही, तेही पाण्यातच होते. माझ्या आईला एका शिखानं जगवलं, आणि तिचं सोवळं त्यानं माझ्यापेक्षा जास्त पाळलं. यात ज्यांना आपला धर्म बुडालेला दिसतो त्यांनी खुशाल माझ्या घरचं पाणी सोडावं. मी देवाशी भांडलो आणि त्यानं उत्तर पाठवलं. ते पगडी बांधून आलं, म्हणून मी ओळख दाखवली नाही. कृपा कुठल्या वेशात यावी हे आपण ठरवत नसतो. आपण फक्त हात पुढे करायचा. मला ते या वयात उमगलं.

आईचे दिवस झाल्यावर मी गुरुद्वारात गेलो होतो. बाबाजी जोडे ठेवायच्या खोलीत येणाऱ्यांची पायताणं पुसत बसले होते. माझ्या चपलांसाठी हात पुढे करत त्यांनी विचारलं, "अम्मा कशा आहेत?" गेल्या, म्हणालो. ते उठून उभे राहिले, डोळे मिटून. बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तसाच माघारी फिरलो. पुढच्या वर्षी ते गेले. तमिळमध्ये पाठ करून नेलेलं वाक्य माझ्यापाशीच राहिलं. मराठीत ते असं आहे: बाबाजी, आईनं विचारलं तेव्हा मी तुमचं नाव सांगायला हवं होतं. माझं चुकलं. मला क्षमा करा.