जाळीवरचा फ्लेक्स

आमच्या आरोग्य केंद्राची नवी इमारत झाली तेव्हा मला खरंच वाटलं होतं, की निवृत्तीपर्यंतचे उन्हाळे तरी सुखाचे जातील. मी इथली नर्स. जुनी खोली पत्र्याची होती. एप्रिलमध्ये तिथं बाळंतिणीला झोपवणं म्हणजे भाकरी तव्यावर टाकण्यासारखं. मग नव्या सरकारी इमारती कमी विजेवर थंड राहिल्या पाहिजेत असं धोरण आलं, आणि आमच्या वाट्याला पोकळ विटांच्या जाड भिंती, पांढरी गच्ची आणि रस्त्याकडच्या भिंतीत छताखाली सिमेंटची लांबलचक जाळी आली. तापलेली हवा वर चढते आणि जाळीतून निघून जाते, असं इंजिनियरनं समजावलं. म्हणून एसी नाही. मिरजगावच्या बाजूला दुपारी वीज जातेच, त्यामुळे एसी असून नसल्यासारखाच झाला असता. मला पटलं.

गावालाही जाळी पटली, पण वेगळ्या कारणानं. रस्त्याला लागून एवढी मोठी भिंत, आणि दोरी ओवायला आयती भोकं. पहिला फ्लेक्स उद्घाटनाचा, मग वाढदिवसांची रांग लागली. नियम लिहिणाऱ्यांनी भिंतीची जाडी ठरवली, गच्चीचा रंग ठरवला. रस्त्याकडच्या भिंतीचं आमच्याकडे काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. वाढदिवसाचा फ्लेक्स मी दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून सरळ उतरवायचे. बोलणी खायचे, पण उतरवायचे. त्याचाही कंटाळा येतो हो.

या उन्हाळ्यात गावातले एक म्हातारे गेले. भले गृहस्थ. त्यांच्या मुलानं, म्हणजे पंचायतीच्या सदस्यानं, भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला आणि सगळी जाळी झाकून गेली. मयताच्या फ्लेक्सला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. उन्हानं फाटून तो आपोआप खाली येतो तेव्हा येतो. त्यात मी ख्रिस्ती. आमच्यात दहावा-तेरावा नाही. मी तो काढला असता तर बोलणाऱ्यांना तेवढंच हवं होतं. तेरावा उरकल्यावर मी मुलालाच विचारलं.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, सिस्टर," तो म्हणाला. "बापाचा फोटू मीच खाली उतरवू व्हय?"

त्याचे डोळे भरून आले होते. मी विषय सोडला.

त्याच आठवड्यात त्याची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आमच्याकडेच बाळंत झाली. मुलगी झाली. दुपारी वीज गेली आणि खोली तापत गेली. बाळ प्यायचं सोडून नुसतं किरकिरत होतं, अंग गरम लागत होतं. मी ते पुसून घेत होते, पुठ्ठ्यानं वारा घालत होते, आणि मनातून घाबरले होते. एवढ्याशा जिवाला उन्हाळा बाधायला वेळ लागत नाही. तेवढ्यात गेलेल्या गृहस्थांची बायको पणतीला बघायला आली आणि दारातच थबकली.

"बाई, हितं यवढं का उकडतंय? नवी बिल्डिंग लई थंड हाय म्हनत हुते."

मी तिला बाहेर नेलं आणि वर बोट दाखवलं. गरम हवा बाहेर जायची सगळी जाळी तिच्या नवऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्यानं झाकली होती.

"जिते हुते तवा कुनाच्या आडवं आलं न्हाईत," ती म्हणाली. "आता पनतीच्या कशाला येतील? काढा त्ये."

लेकानं आईसमोर स्वतः दोऱ्या सोडल्या, फोटो कपाळाला लावला आणि घडी घालून घरी नेला. संध्याकाळपर्यंत खोली निवली. बाळ पोटभर प्यायलं आणि झोपलं. मी भिंतीला टेकून बसले. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा उकडायला लागलं, बाळ पुन्हा किरकिरायला लागलं. मी बाहेर आले. जाळीवर, त्याच भोकांतून दोऱ्या ओवून, नवा कोरा गुलाबी फ्लेक्स ताणून बांधला होता. फुलं, फुगे, मधोमध कालच्या बाळाचा फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत 'आमच्या घरी लक्ष्मी आली'. खाली बाळाचा आजोबा, तोच सदस्य, पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता.

"कसा झालाय, सिस्टर?"

आत लक्ष्मी रडतच होती. मी पेढा घेतला आणि स्टूल आणायला गेले.